बाराव्या दिवसाची मोजणी

सकाळी नऊला दारातलं मशीन म्हणतं,
अंगठा पुन्हा ठेवा.
ओढणीला पुसून पुन्हा ठेवते.
एकोणीस वर्षं ओल्या कागदात बी गुंडाळून
बोटांच्या रेघा फिकटल्यात माझ्या,
मशीनला कुठून कळावं.
मग वॉचमन खंदारे वहीत नाव लिहितो,
रोज त्याच चुकीनं: कौशल्या.
मी स लिहिते, तो श.
आता मीच कधी कधी चुकते.

काम सांगायला सोपं आहे.
सरकीचे चारशे दाणे, शंभराच्या चार वळकट्या.
चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची.
उगवलं. वाकडं उगवलं. मेलं.
आणि एक रकाना कठीण बियांचा:
जिवंत असतात, पाणीच आत घेत नाहीत.
नवीन पोरी विचारतात, बाई, हे कशात धरायचं?
मी म्हणते, वेगळं लिहायचं. मेल्यात नाही.

वडलांना मी डी.एड. व्हायला हवी होते.
बदनापूरच्या आमच्या गल्लीत त्या साली
अकरा पोरी डी.एड. झाल्या,
शाळा लागली एकीला,
तीही संस्थाचालकाच्या पुतण्याशी लग्न लागल्यावर.
मी बी.एस्सी., दुसरा वर्ग.
जालन्याच्या बियाणं कंपनीची जाहिरात होती,
खाली बारीक अक्षरात 'अनुभवाची अट नाही'.
तेवढी एक ओळ माझ्याशी बोलली
म्हणून आले.
पहिला पगार सव्वीसशे.
आई म्हणाली, दिवसभर काय करायलीस तिथं?
मोजते.
अन् मग?
मग लिहिते.
मग घरीच तूर निवडत बस की माय,
बसभाडं तरी वाचंल.

चौदा साली हैदराबादहून फोन आला.
तिप्पट पगार, हुद्द्याच्या आधी 'वरिष्ठ'.
रात्रीच्या गाडीची वेळ पाठ झाली होती मला,
सुटकेस माळ्यावरून खाली काढून
पुसून परत ठेवली, दोनदा.
नाही का म्हणालीस, असं विचारतात लोक.
सासूची शुगर, पोराची पहिली, नवऱ्याचं दुकान,
विचारणाऱ्याचं तोंड बघून एकेक देते.
स्वतःला काय द्यायचं
ते अजून ठरलेलं नाही.

आणि तो लॉट. सतराशे बारा.
उगवण बहात्तर आली. पंचाहत्तर लागते.
जिंतूरकर साहेब ओरडले असते तर बरं होतं.
ते खुर्ची ओढून शेजारी बसले,
चहा मागवला, म्हणाले, परत मोजा.
मोजलं. बहात्तर.
म्हणाले, डोळे थकलेत तुमचे. उद्या रजा घ्या.
मी मागितली नव्हती.
पण घेतली.
मोती तलावाच्या कट्ट्यावर बसून
भर दुपारी शेंगा खाल्ल्या, टरफलं मोजली.
परत आले तर रजिस्टरात सत्त्याहत्तर.
अक्षर नाझिमाचं, सहीची जागा माझी.

सही केली.
बढती नाही, ठपका नाही, काहीच झालं नाही.
नाझिमानं मात्र पुढच्या महिन्यात नोकरी सोडली,
आता चंदनझिऱ्याला डबे करते.
गुरुवारी माझ्यासाठी दालचा पाठवते,
डबा परत करताना मी धुऊन देते,
रिकामा देऊ नये म्हणून दोन मोसंब्या घालते.
सत्त्याहत्तर हा आकडा
आम्ही दोघींनी कधी उच्चारला नाही.

काल पोरगा बारावीनंतरचा फॉर्म भरत होता.
म्हणाला, आई, 'आवड' इथं काय लिहू?
मी म्हटलं, सोड आत्ता, नंतर भर.
म्हणाला, रकाना रिकामा राहिला
तर फॉर्म पुढंच जात नाही.
बाहेर स्टीलच्या भट्ट्यांनी आभाळ तांबडं झालेलं,
दुसरी पाळी सुटल्याचा भोंगा वाजला.
तो माझ्याकडं बघायला लागला,
मी स्क्रीनकडं,
तिथली बारीक रेघ
लुकलुकत होती, थांबत होती,
लुकलुकत होती.